औषध म्हणायचं, तर औषधाची जबाबदारी घ्या

"मामा, हे ड्रग नव्हे, औषध आहे," असं माझा भाचा भरल्या घरात म्हणाला आणि मी गप्प बसलो. बहिणीकडे तो तीन वर्षांनी आला होता. पंधरा-वीस माणसं जमली होती, आत पांढरा रस्सा उकळत होता. अशा वेळी कुणी घरच्या पोराला खोडून काढत नाही. पण कोल्हापुरात मंगळवार पेठेत एकोणतीस वर्षं औषधाचं दुकान चालवणाऱ्या माणसाने 'औषध' हा शब्द असा वापरलेला ऐकून गप्प राहणं बरोबर नव्हतं. ती चूक मी इथे दुरुस्त करतो आहे.

भाचा नेदरलँड्समध्ये नोकरी करतो. गेल्या वर्षी तो पेरू देशात, इकितोस शहराबाहेरच्या जंगलातल्या एका शिबिराला जाऊन आला. सात दिवसांत चार रात्री त्याने आयाहुआस्का नावाचा काढा घेतला. ज्याचा प्रतिवाद करायचा त्याचं म्हणणं आधी नीट मांडावं, म्हणून त्याने सांगितलं तसंच सांगतो. ताडाच्या पानांनी शाकारलेली मोठी गोल झोपडी. कडेने वर्तुळात गाद्या, प्रत्येक गादीशी एक बादली. दिवा मालवला की मिट्ट काळोख. शिपिबो जमातीचा वैदू एकेकाला पुढे बोलावतो आणि पेल्यातून दाट, तपकिरी, कडू काढा देतो. पाऊण तासाने अंग जड होतं, पोटात ढवळून येतं, उलट्या होतात. मग वैदू गाऊ लागतो. त्या गाण्यांना 'इकारो' म्हणतात. तिसऱ्या रात्री भाच्याला त्याचे वडील दिसले. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेले, तेव्हा त्याला येता आलं नव्हतं. वडील नेहमीच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी विचारलं, "जेवलास का?" तो उजाडेपर्यंत रडत होता. सकाळी त्याने आईला फोन केला आणि वडिलांविषयी पहिल्यांदा बोलला.

हे सांगताना त्याचा आवाज फुटला. बहीण रडली, मीही रडलो. पोरगा खोटं बोलत नाही, आणि त्याला मोकळं वाटलं हेही खरं आहे. त्या रात्रीबद्दल मला एक अक्षरही उणं बोलायचं नाही. माझं भांडण आहे ते त्यानंतर तो जे बोलला त्याच्याशी. हे औषध आहे. नैसर्गिक आहे, म्हणून निर्धोक आहे. आदिवासी हजारो वर्षं घेत आले आहेत. दहा वर्षांचं समुपदेशन एका रात्रीत होतं. वेदातला सोम तो हाच. आणि ज्याने ते प्यायलं नाही त्याला बोलायचा अधिकार नाही.

जेवणं झाल्यावर स्वयंपाकघराच्या दारात एका निवृत्त शिक्षिकेने मला बाजूला घेतलं. त्यांचा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. त्याच्या लिथियमच्या गोळ्या सात वर्षं माझ्याच दुकानातून जातात. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, हे इकडं कुठं मिळतं का हो?"

हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी काढ्यात काय असतं ते बघू. केचुआ भाषेत 'आया' म्हणजे मृतात्मा आणि 'वास्का' म्हणजे दोर किंवा वेल. ज्या वेलीवरून हे नाव पडलं तिची शास्त्रीय नोंद रिचर्ड स्प्रूस या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५२ साली ॲमेझॉनच्या खोऱ्यात केली. आपल्या सह्याद्रीत वाढणारी माधवीलता, जिला हळदवेलही म्हणतात, ती याच वेलीच्या कुळातली. वेलीबरोबर बहुतेक ठिकाणी चाक्रुना नावाच्या झुडपाची पानं उकळतात. हे झुडूप कॉफीच्या कुळातलं. दृष्टान्त घडवणारं डीएमटी हे द्रव्य या पानांत असतं. पण नुसती पानं उकळून प्यायली तर काहीच होत नाही, कारण आपल्या आतड्यात आणि यकृतात मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं विकर असतं आणि ते डीएमटी मेंदूपर्यंत पोचण्याआधीच मोडून टाकतं. वेलीतली हार्मिन आणि हार्मालिन ही द्रव्यं या विकराला काही तास अडवून धरतात. पहारेकरी बाजूला झाला की डीएमटी आत शिरतं. जंगलातल्या माणसांनी असंख्य झाडापाल्यातून नेमकी ही जोडी हुडकून काढली, याचं मला मनापासून कौतुक आहे.

पण हा पहारेकरी एकट्या डीएमटीसाठी नेमलेला नाही. माझ्या मागच्या फळीवर एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्या असतात. रोज कुणी ना कुणी त्या घेऊन जातं. त्या मेंदूत सिरोटोनिनचं काम वाढवतात. अशा गोळ्या अंगात असताना हे विकर अडवलं, तर सिरोटोनिनचा अतिरेक होऊ शकतो. ताप चढतो, स्नायू ताठरतात, हातपाय थरथरतात, माणूस भ्रमतो, आणि वेळेत दवाखाना मिळाला नाही तर जीवही जातो. खोकल्याच्या काही औषधांतलं डेक्स्ट्रोमेथॉर्फान आणि दुखण्यावरचं ट्रामाडॉल हीसुद्धा याच धोक्याच्या यादीत आहेत. फ्लुओक्सेटिन शरीरातून इतकं सावकाश उतरतं, की विकर अडवणारं औषध सुरू करण्याआधी पाच आठवडे मोकळे ठेवावे लागतात.

शिबिरं भरवणाऱ्यांना हे माहीत असतं. भाच्याच्या अर्जात स्पष्ट छापलं होतं, की नैराश्याच्या गोळ्या दोन आठवडे आधी बंद कराव्यात. वरवर पाहता ही काळजीच वाटते. पण गोळ्या बंद केल्यावर त्या माणसाकडे बघणार कोण? अशी गोळी एकदम तोडली की चक्कर येते, झोप उडते, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके बसतात, आणि ज्या आजारासाठी ती चालू होती तो आजार पुन्हा डोकं वर काढतो. मनाने सगळ्यात हळवा झालेला माणूस आपल्या डॉक्टरांपासून, आपल्या घरापासून समुद्रापार जाऊन काळोखात बसतो. अर्जातल्या एका ओळीने शिबिराची जोखीम उतरते आणि ती त्याच्या डोक्यावर येते.

बाईंच्या मुलाचं तर याहून कठीण. या शिबिरांआधी पथ्य असतं, त्याला 'दिएता' म्हणतात. त्यात मीठ वर्ज्य असतं. लिथियम घेणाऱ्याच्या जेवणातलं मीठ तुटलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी चढते. उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी गेलं की ती आणखी चढते. उपचाराची पातळी आणि विषबाधेची पातळी यांत या औषधाच्या बाबतीत फार थोडं अंतर आहे, म्हणून तर त्याची रक्ततपासणी सारखी करावी लागते. लिथियम चालू असताना अशा मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांनी झटके आल्याच्या नोंदी आहेत. आणि ज्या आजारासाठी ते चालू आहे, त्या उन्माद-नैराश्याच्या आजारात असा काढा माणसाला थेट उन्मादात लोटू शकतो. बाईंनी विचारलेल्या एका साध्या प्रश्नामागे एवढं सगळं उभं होतं, आणि त्या दिवाणखान्यात त्यातलं एक वाक्यही कुणी उच्चारलं नव्हतं.

आता 'औषध' या शब्दाकडे येतो. दहा गोळ्यांची कुठलीही पट्टी उलटी करून बघा. आत काय आहे आणि किती मिलिग्रॅम आहे ते तिच्यावर छापलेलं असतं. बॅच नंबर, बनवल्याची तारीख, मुदत, कारखान्याचा पत्ता असतो. एखाद्या बॅचमध्ये खोट निघाली तर ती बॅच बाजारातून परत मागवता येते. माझ्या गल्ल्याशेजारी एक जाड वही असते. शेड्यूल एच-वनमधलं औषध दिलं, की त्या वहीत तारीख, डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहावी लागते आणि ती नोंद तीन वर्षं जपावी लागते. औषध निरीक्षक येतो, पानं उलटतो, विचारतो. या सगळ्याचा कधीकधी कंटाळा येतो. पण ज्याला औषध म्हणतात त्याच्यामागे कुणीतरी नावानिशी उभं असतं, ते या वहीमुळे. शिबिरातल्या काढ्यात वेल किती उकळली, पानं किती पडली, आज डीएमटी किती उतरलं, हे देणाऱ्यालाही नक्की सांगता येत नाही. एका भांड्यातला काढा दुसऱ्या भांड्यातल्या काढ्यासारखा नसतो. असं पेय श्रद्धेने कुणी विधी म्हणून घेत असेल तर तो त्याचा विधी. त्याला औषध म्हणायचं असेल, तर माझ्या वहीतल्या रकान्यांची उत्तरं द्यावी लागतील.

"पण मामा, ते नैसर्गिक आहे." कण्हेर निसर्गातलीच आहे. धोतरा रस्त्याच्या कडेला वाढतो. दोन्ही माणूस मारतात, हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. मी त्याहून जवळचं आणि मोठं उदाहरण देतो. राधानगरी-चांदोलीच्या जंगलात नरक्या नावाचं झाड आहे. फुलांच्या घाण वासामुळे ते नाव पडलं. या झाडात कॅम्प्टोथेसिन असतं, हे १९७२ साली भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवलं. मूळ कॅम्प्टोथेसिन १९६६ मध्ये एका चिनी झाडातून वेगळं केलं ते मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी. वाणी आपल्या नंदुरबारचे. कर्करोगाच्या पेशी मारणारं द्रव्य सापडलं म्हणून जगभर आशा पसरली, रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या, आणि १९७० नंतरच्या पहिल्याच काही वर्षांत त्या थांबवाव्या लागल्या. रुग्णांच्या मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं होतं. झाड नैसर्गिक होतं, द्रव्य नैसर्गिक होतं, आणि ते माणसांना इजा करत होतं. मग शास्त्रज्ञांनी त्या रेणूत बदल केले, मात्रा ठरवल्या, पुन्हा चाचण्या घेतल्या. टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही त्यातून निघालेली औषधं अमेरिकेत मंजूर झाली १९९६ साली. झाडापासून औषधापर्यंत तीस वर्षं लागली. मधल्या काळात आमच्या डोंगरातला नरक्या चोरट्या तोडीने ओरबाडला गेला, ही त्या गोष्टीची दुःखाची बाजू. वनस्पतीपासून औषध होतं, यावर माझ्याइतका विश्वास कुणाचा नसेल. ते कसं होतं आणि त्याला काय मोल पडतं, हेही म्हणूनच सांगावंसं वाटतं.

आता परंपरेचा मुद्दा. काढा जुना आहे, यात वाद नाही. बोलिव्हियात एका गुहेत हजार वर्षांपूर्वीची, कोल्ह्यांच्या मुस्काटांच्या कातड्याची थैली सापडली आणि तिच्यात हार्मिन आणि डीएमटी या दोन्हींचे अंश निघाले, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. पेरू सरकारने २००८ साली आयाहुआस्काच्या पारंपरिक ज्ञानाला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा जाहीर केलं. पण परंपरेत हा काढा कोण पीत होतं? पुष्कळ जमातींत रोगी पीतच नसे. वैदू पीत असे, आणि त्याला जे दिसे त्यावरून रोग्याचं दुखणं ओळखत असे. तो वैदू त्याच गावचा. रोगी दगावला तर दुसऱ्या दिवशी त्याच नदीवर त्याच माणसांना तोंड द्यायचं असे. शिकायला वर्षानुवर्षं लागत. ब्राझीलमध्ये १९३० नंतर उभा राहिलेला सांतो दाइमे हा पंथ आणि १९६१ साली स्थापन झालेला उनियाँव दो व्हेजेताल हा पंथ हेच पेय धार्मिक विधीत घेतात. तिथेही माणसं वर्षानुवर्षं एकमेकांना भेटतात, एकमेकांची लग्नं आणि मयतं बघतात.

शिबिरात हे सगळं बाजूला ठेवलं जातं आणि रात्र तेवढी उचलली जाते. भाच्याच्या गोलात नऊ देशांतली माणसं होती. आठव्या दिवशी सगळी विमानात बसली. त्यातल्या एका बाईला शेवटच्या रात्री भीतीने इतकं घेरलं होतं की ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिचं पुढे काय झालं, असं मी विचारलं. भाच्याला माहीत नव्हतं. शिबिरात कुणी विचारलं असेल, असंही त्याला वाटत नव्हतं.

आणि ज्यांची ही परंपरा, त्यांना काय मिळालं? एप्रिल २०१८ मध्ये ओलिव्हिया अरेवालो या ८१ वर्षांच्या शिपिबो वैदू बाईंना पेरूतल्या उकायाली भागात त्यांच्या घराजवळ गोळ्या घालून मारलं. ज्याच्यावर संशय होता तो आयाहुआस्काच्या ओढीने कॅनडाहून आलेला माणूस होता. गावकऱ्यांनी त्याला ठार केलं. दोन जीव गेले. त्याआधी २०१२ मध्ये पेरूतल्याच एका शिबिरात अठरा वर्षांचा अमेरिकन मुलगा मेला, आणि तिथल्या वैदूने त्याचं प्रेत गुपचूप पुरल्याचं उघडकीला आलं. परंपरेचा आधार घेणाऱ्यांनी परंपरेवर आलेला हा भार नजरेआड करू नये.

आता एक गोष्ट आपल्या घरची. जोतिबाच्या चैत्र यात्रेत प्रथमोपचाराच्या मांडवात मी बरीच वर्षं बसतो. एका वर्षीचं सांगतो. सासनकाठ्या निघाल्या होत्या, हलगी घुमत होती, हवेत गुलाल. मांडवापासून दहा पावलांवर चाळिशीतली एक बाई घुमू लागली. केस सुटले, डोळे फिरले, गळ्यातून वेगळाच आवाज. तिच्या जावेने मागून कमरेला विळखा घातला, दुसरीने पदर सावरला, म्हाताऱ्या सासूने समोर बसून विचारलं, "कोण आलंय?" ती रडत रडत एका गेलेल्या लेकराचं नाव घेत होती. दहा-पंधरा मिनिटांनी ती थकून बसली. मी ओआरएसचं पाणी दिलं, नाडी बघितली. जावेने तिचे केस विंचरून अंबाडा घातला, हातावर गूळ-खोबरं ठेवलं. मग सगळ्या मिळून एसटीच्या दिशेने चालू लागल्या. त्या बाईच्या चेहऱ्यावर जे मोकळेपण होतं, तेच मला परवा भाच्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

ज्या घरात भाच्यासाठी डोळे पाणावले, त्याच घरात या बाईची गोष्ट सांगितली असती तर तिला अडाणी म्हटलं असतं. आपल्याकडे काम करणाऱ्या बाईच्या अंगात येतं म्हणून आपण मान हलवतो, आणि लाखांनी पैसे मोजून जंगलात जाऊन तसंच थरथरणाऱ्याला साधक म्हणतो. हा दुजाभाव मला सहन होत नाही. अंगात आल्याने आजार बरा होतो, असं मी म्हणत नाही. देवाच्या नावाखाली आजारी माणसांना साखळ्या घातल्याचं आपण बघितलं आहे. तमिळनाडूतल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ च्या आगीत साखळदंडाने बांधलेली २८ माणसं होरपळून मेली. म्हणूनच मोजमाप एक हवं. हलगीच्या तालावरची बाई असो की इकारोच्या सुरातला अभियंता, प्रश्न तेच विचारायचे. त्यामुळे कुणाचे उपचार तुटले का? कुणाला इजा झाली का? दुसऱ्या दिवशी त्या माणसाजवळ कोण होतं?

महाराष्ट्राने हे मोजमाप कायद्यात उतरवलं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत एक कलम आहे: साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा. खेड्यातला मांत्रिक सर्पदंशाच्या रोग्याला दवाखान्यात जाऊ देत नसेल तर आपण त्याला तुरुंगात पाठवतो. मग नैराश्याने आत्महत्येच्या विचारात असलेल्या माणसाला, "गोळ्या सोड, वेल तुला बरं करील," असं गोड इंग्रजीत सांगणाऱ्याला आपण गुरू का म्हणावं? कायद्याचं कलम त्याला लागू होतं की नाही ते वकील बघतील. न्यायबुद्धीचं कलम तरी लागू व्हायला हवं.

"एका रात्रीत दहा वर्षांचं काम." या वाक्यामागे थोडं शास्त्र आहे, आणि ते दडवणं अप्रामाणिकपणा ठरेल. ब्राझीलमधल्या नताल शहरात संशोधकांनी आयाहुआस्काची चाचणी घेतली. ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. इतर औषधांनी न हटणारं नैराश्य असलेले २९ रुग्ण होते. चौदांना काढा दिला, पंधरांना चवीला तसाच लागणारा खोटा काढा. सात दिवसांनी खऱ्या काढ्याच्या गटात ६४ टक्के रुग्णांना लक्षणीय आराम होता, दुसऱ्या गटात २७ टक्क्यांना. आकडे आशादायक आहेत. या संशोधनाने पुढे जावं, असं मला मनापासून वाटतं, कारण हट्टी नैराश्यापुढे आमच्या फळीवरच्या गोळ्या अनेकदा तोकड्या पडतात. पण ती चाचणी कशी झाली तेही बघा. ती दवाखान्यात झाली. मात्रा वजनाप्रमाणे मोजून दिली. उन्माद किंवा मनोविकृतीचा इतिहास असलेल्यांना आधीच वगळलं. म्हणजे बाईंच्या मुलाला त्या दारातूनच परत पाठवलं असतं. आणि निष्कर्ष सात दिवसांचा होता. तो आकडा दाखवून कुणी आयुष्यभराचा वायदा करत असेल, तर तो त्या संशोधकांच्या नावाने खोटं बोलतो.

दुसरा आकडा त्याच्याशेजारी ठेवतो. जगभरातल्या आयाहुआस्का घेतलेल्या दहा हजारांहून अधिक लोकांची पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्याहून जास्त लोकांनी नंतरच्या आठवड्यांत किंवा महिन्यांत काही ना काही मानसिक त्रास झाल्याचं सांगितलं. त्यातल्या बहुतेकांना तो त्रास आपल्या वाढीचाच भाग वाटला. त्यांना तसं वाटलं, याचा मी मान राखतो. पण शिबिरांच्या बोलण्यात हीच गोष्ट पळवाट होऊन बसते. बरं वाटलं तर वेलीची कृपा. भीतीने गोठलात तर तुम्हाला तेच हवं होतं. उलटी झाली तर आतला अंधार बाहेर पडला. काहीच झालं नाही तर तुम्ही शरण गेला नाहीत. ज्या औषधाची चूक कधी होऊच शकत नाही, त्या औषधाची मला भीती वाटते. माझ्या दुकानातल्या प्रत्येक खोक्यातल्या कागदावर दुष्परिणामांची यादी असते आणि तिचा दोष रुग्णाच्या माथी मारलेला नसतो.

सोमाबद्दल थोडक्यात. सोम म्हणजे नेमकी कुठली वनस्पती, यावर विद्वानांचं एकमत नाही. गॉर्डन वॉसनने १९६८ साली ती एक अळंबी असल्याचं मांडलं. फ्लॅटरी आणि श्वार्ट्झ यांनी १९८९ मध्ये हरमल पुढे केला. हरमलाच्या बियांत हार्मालिन असतं, त्यामुळे आयाहुआस्काशी नातं जोडायचा मोह होतो. पण ॲमेझॉनची वेल सप्तसिंधूच्या काठी वाढत नव्हती. वेदांचं नाव घेतल्याने कुणाच्या रक्तातलं लिथियम खाली येत नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली, असंही त्या संध्याकाळी कुणीतरी म्हणालं. २००६ चा तो निकाल उनियाँव दो व्हेजेतालच्या उपासकांच्या धर्मस्वातंत्र्याचा होता. हे पेय औषध आहे, असं त्या न्यायालयाने कुठेही म्हटलेलं नाही. भारतात १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत डीएमटी आहे. इथे कुणी असं शिबिर भरवलं तर ते लपूनच भरवणार. रात्री दोन वाजता एखाद्याचा ताप चढला, अंग ताठरलं, तर १०८ ला फोन करताना भरवणाऱ्याचा हात आखडणार. त्या आखडलेल्या हाताची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. अशी वेळ आलीच, तर शेजारी असलेल्या माणसाने काही न लपवता फोन करावा आणि काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगावं.

शेवटचा मुद्दा भाच्याने दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन मांडला. काउंटरशेजारच्या स्टुलावर बसून म्हणाला, "मामा, तुम्ही प्यायला नाही. तुम्हाला कसं कळणार?" मी त्याला म्हटलं, तुला काय दिसलं याचा साक्षीदार जगात तू एकटा आहेस आणि तुझी साक्ष मला मान्य आहे. पण तोच काढा दुसऱ्याच्या पोटात काय करील, याचा तू साक्षीदार नाहीस. ते कळायला दुसऱ्याच्या गोळ्या, दुसऱ्याचं रक्त, दुसऱ्याच्या घरातले आजार माहीत असावे लागतात. तू निरोगी होतास, कुठली गोळी चालू नव्हती. तुझं दुःख मोठं होतं, पण ते आजारपण नव्हतं. तू सांगत होतास तेव्हा त्या खोलीत आणखी कोण कोण ऐकत होतं, ते तुला माहीत होतं का?

तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने विचारलं, "कोण होतं?" नाव सांगणं माझ्या धंद्यात बसत नाही, म्हणून सांगितलं नाही. पण एवढं सांगितलं की यापुढे कुठेही बोलशील तेव्हा वडिलांची गोष्ट जरूर सांग, आणि तिच्याबरोबर आणखी चार गोष्टी सांग. मी कुठल्याही गोळ्या घेत नव्हतो. माझ्या घरात वेडाचा किंवा उन्मादाचा आजार नाही. काढ्यात किती काय होतं ते मला कुणी सांगितलं नाही. आणि परत आल्यावर मला कुणी विचारायला आलं नाही. या चार गोष्टी सांगूनही ज्याला जावंसं वाटेल तो मोठा माणूस आहे, त्याचा निर्णय त्याचा. त्या न सांगता नुसती रात्र सांगणं म्हणजे लेबल फाडून बाटली हातात देणं.

सोमवारी सकाळी त्या बाई दुकानात आल्या. हातात मुलाची फाइल होती. मी त्यांना आत बसवलं आणि मीठ, उलट्या, लिथियम हे सगळं सावकाश सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "मग त्याला कधीच असं मोकळं वाटणार नाही का?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. हा प्रश्न त्याच्या डॉक्टरांना असाच्या असा विचारा, म्हणालो. औषध चालू आहे म्हणजे मनातलं बोलायची गरज संपली, असं नसतं. समुपदेशनासाठी विचारा, आणि रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीतून बोलता येतं. फाइल चाळली तर रक्तातली लिथियमची तपासणी चार महिने झालेली नव्हती.

मी महिन्याच्या गोळ्या मोजून दिल्या आणि पाकिटावर पेनाने तपासणीची तारीख लिहिली. येत्या गुरुवारची. खाली माझ्या दुकानाचा नंबर लिहिला. गुरुवारी संध्याकाळी मी फोन करून विचारणार आहे.